मदत हवी आहे: भाऊ उपचाराला तयार नाही, घरच्यांनी समुपदेशकाकडे जाऊन काही होतं का?

आंबेमोहर
मोठा भाऊ, वय ४४, नाशिकला. रोज दोन क्वार्टर व्हिस्की. सकाळी हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात. नोकरी अजून आहे, कारण वहिनी साहेबांना फोन करून "यांना ताप आहे" सांगते. मारहाण नाही. डॉक्टरचं नाव काढलं की "मला काय धाड भरलीय?"

आता मामा-काका मिळून रविवारी त्याला मध्ये बसवून एकदाच काय ते सुनावणार आहेत. एक व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, गाडी पाठवून उचलून नेतो, त्याच्या संमतीची गरज नाही. शेजारच्या काकूंनी जेवणात मिसळायच्या गोळ्या सुचवल्यात. यातलं काय करावं? तो येतच नसेल तर आम्ही जाऊन उपयोग काय?

कडुनिंब
आधी गोळ्या. "नकळत दारू सोडवा" छापाच्या पुडीत काय असतं ते कळायला मार्ग नसतो. बऱ्याचदा डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असायची शक्यता धरून चाला. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली; हृदय किंवा यकृत कमकुवत असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध माणसाला सांगून, यकृताच्या तपासण्या करून, डॉक्टरच देतात.

दुसरं, बाटल्या ओतून देऊन "आजपासून बंद" करू नका. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन म्हणजे १२० ग्रॅम, त्यात सकाळची थरथर. शरीर दारूवर अवलंबून आहे. अशी दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, घाम. ही इमर्जन्सी आहे, घरी सांभाळायची गोष्ट नाही. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. बी-१ची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यायची असतात, हे भरती करताना आवर्जून विचारा.

सातभाई
आता मूळ प्रश्न. हो, तो येत नसतानाच घरच्यांनी जायचं असतं. त्यासाठी वेगळी पद्धत आहे, अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली 'क्राफ्ट'. १९९९ साली तिथे १३० कुटुंबीयांवर झालेल्या तुलनेत क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून समोर बसवण्याच्या जॉन्सन पद्धतीत ३० टक्के, अल-अनॉनच्या, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांसाठीच्या मदतगटाच्या, वाटेने १३. (अल-अनॉनचा हेतू मुळात घरच्यांना सावरणं हा आहे, त्यामुळे १३ला नापास म्हणू नये.) जॉन्सन पद्धतीत गाडं अडतं ते अशा ठिकाणी: बरीच कुटुंबं ती बैठक घेतच नाहीत. तुमचे मामा-काका घेतील, पण तयारीशिवाय. ती बैठक नव्हे, पंचायत. रद्द करा.

क्राफ्टमध्ये समुपदेशक आधी पिण्याचा नकाशा काढून घेतो: कोणत्या वारी, किती वाजता, कुणाबरोबर, त्याआधी काय घडलेलं असतं, प्यायल्यावर त्याला काय मिळतं. समजा कामावरून सुटल्यावर सात ते नऊ ही वेळ निघाली. मग त्याच वेळेत, न प्यायलेला असताना, त्याला आवडणारं काहीतरी ठेवायचं: मुलीबरोबर बॅडमिंटन, गरम जेवण, गप्पा. पिऊन आला तर हे सगळं शांतपणे बंद. भांडण नाही, टोमणा नाही. "तू प्यायलायस, उद्या बोलू" आणि खोलीतून बाहेर.

सगळ्यात जड जातं ते पांघरूण काढणं. वहिनींनी साहेबांना फोन करायचा नाही, तो करेल. उधारी फेडायची नाही. पण गाडीची किल्ली काढून घ्यायची. परिणाम भोगू देणं म्हणजे जीव जाऊ देणं नव्हे. कोणता परिणाम सोसवेल आणि कोणता नाही, हे समुपदेशकासोबत आधी लिहून काढतात, कारण ऐनवेळी घरातला एक जण कच खातो आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते. तुमच्या घरात कच कोण खाईल, ते आत्ताच ओळखा. बहुतेक आई.

पिंपळपान
एवढं नाटक कशाला, उचलून टाका केंद्रात. पहिले आठ दिवस शिव्या देईल, मग ताळ्यावर येईल.

कडुनिंब
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. कलम ८९ खाली इच्छेविरुद्ध भरती करता येते, पण नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या, कायद्याने मानलेल्या व्यक्तीचा) अर्ज लागतो, आणि एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्र तपासणी करून स्वतःला किंवा इतरांना इजेचा धोका, अथवा स्वतःची काळजी घेता न येणं, असं काही नोंदवावं लागतं. मुदत ३० दिवसांपर्यंत. संस्था नोंदणीकृत हवी. गाडीवाले दोन जण दंड धरून नेतात, ते यात कुठेच बसत नाही. त्या केंद्राला नोंदणी क्रमांक आणि मनोविकारतज्ज्ञाचं नाव विचारा, फोन लवकर संपेल. आणि असा नेलेला माणूस बाहेर आल्यावर पुढच्या डॉक्टरवरही विश्वास ठेवत नाही.

आंबेमोहर
रविवारचं रद्द करायला लावते. पण विचारायचं कधी आणि कुठल्या शब्दांत? तयार झालाच तर पुढे काय?

सातभाई
प्यायलेला नसताना, आणि त्याला स्वतःलाच लाज किंवा भीती वाटलेली असेल तेव्हा: ऑफिसातून मेमो आला, पडला, मुलगी बोलायची थांबली. विचारणाऱ्या व्यक्तीने एकटीने विचारायचं. "तू नेहमी" हे दोन शब्द वर्ज्य. उदाहरणार्थ: "दादा, काल तू पडलास तेव्हा मी घाबरले. तुझी झोप, थरथर यासाठी डॉक्टरांना एकदा भेटू. मी सोबत येते. नाही पटलं तर दुसऱ्यांदा येऊ नकोस." नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा, वाद घालून पुढची संधी घालवू नका.

हो म्हणाला तर २४ ते ४८ तासांत भेट व्हायला हवी. म्हणून डॉक्टर, वेळ, पैसे, रजेचा अर्ज, कोण सोबत जाणार, हे त्याला विचारण्याआधीच ठरलेलं असावं. "पुढच्या सोमवारी बघू" म्हटलं की तो हो विरून जातो.

वहिनींसाठी वेगळं: पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६, डॉ. अनिता आणि अनिल अवचट) घरच्यांसोबतही काम होतं, पत्नींचा 'सहचरी' गट आहे. नाशिकमध्ये कुठे जायचं ते १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर विचारा, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आहे. आणि कधी हात उगारला तर ही सगळी पद्धत बाजूला, आधी ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन).