हार्वेस्टिंग वेगळं, पूर वेगळा

वर कुणीतरी म्हणालंय, ‘आमच्या सोसायटीत रेनवॉटर हार्वेस्टिंग आहे, मग रस्त्यावर पाणी तुंबलं तर आमचा काय संबंध?’ संबंध आहे हो. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, ५०० चौ. मी. आणि त्याहून मोठ्या प्लॉटला हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, पण त्याचा सगळा भर पाणी साठवण्या-मुरवण्यावर. जोराच्या सरीत प्लॉटबाहेर धावणारं पाणी त्याने फारसं आवरत नाही. साधा हिशोब करा: एक एकर, म्हणजे सुमारे ४००० चौ. मी. छत आणि काँक्रीट, त्यावर तासात ५० मिमी पाऊस. झाले दोन लाख लिटर! आमच्याकडे एवढं पाणी जमिनीत मुरवायला एकच बोअर, आणि त्याच्या फिल्टरच्या खड्ड्यातली खडी गाळाने इतकी घट्ट बसलीय की पहार लागते. भोगवटा पत्र (इमारतीत राहायची परवानगी) मिळाल्यापासून कुणी झाकण उघडलेलं नाही. (यात आम्ही सभासदही आलोच.) उरलेलं पाणी उताराने थेट ओढ्यात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन घरांत पाणी शिरलं, माणसं गेली, ते आठवा. माझ्या मते बांधकाम परवानगीच्या नकाशावरच पाणी रोखून धरणारी टाकी मागायला हवी. मुरवायची नव्हे, सर ओसरल्यावर हळूहळू रिकामी करायची.