मदत हवी आहे: शेडवर चढवताना पत्रा अंगावर पडला, भरपाईचा दावा कसा करायचा?

माझे दाजी पत्रे बसवण्याचं काम करतात. गेल्या वर्षी मे महिन्यात चाकणजवळ एका शेडवर सिमेंटचे पत्रे दोरीने वर ओढत होते. गाठ सुटली आणि पत्रा खाली उभ्या दाजींच्या खांद्यावर आला. तीन मीटरचा एक पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो. हेल्मेट होतं, म्हणून डोकं वाचलं, पण खांदा मोडला. हात अजून वर जात नाही.

ठेकेदाराने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, आता फोन उचलत नाही. मुकादम म्हणतो, "खाली उभं राहायचं नव्हतं." मला हे अजिबात पटत नाही. खालची जागा दोरी बांधून बंद केलेली नव्हती, पत्रा वाऱ्याने फिरू नये म्हणून धरायची दुसरी दोरीही नव्हती. ही व्यवस्था काम देणाऱ्याने करायची असते ना?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) ठेकेदाराच्या कामगारासाठी मूळ मालकही जबाबदार धरला जायचा आणि दाव्याची मुदत दोन वर्षं होती, एवढं वाचलंय. पण हजेरीपत्रक नाही, पगार रोख. पुरावा म्हणून सोबत्यांचे जबाब, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि दवाखान्याचे कागद चालतील का? आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी नव्हती. त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, तो आता कोण देईल? पुण्यात असे दावे चालवणारे वकील किंवा कामगार संघटना माहीत असल्यास कृपया सांगा. घरात कमावते तेच आहेत.