समीक्षकाने रख्मानिनोव्हला संपवलं? काहीही!

सैल_तंबोरा: परवा दोन रशियन संगीतकारांवरची एक पोस्ट वाचली: रख्मानिनोव्ह, आणि समीक्षाही लिहिणारा क्युई. 'सेझार क्युई हा जळका, अपयशी संगीतकार. त्याच्या एका परीक्षणाने रख्मानिनोव्हला आयुष्यातून उठवलं.' खाली बदाम आणि अश्रू. अहो, १८९७ला पीटर्सबर्गात रख्मानिनोव्हची पहिली सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) आपटली ती परीक्षण छापून यायच्या आधी! रख्मानिनोव्ह जिन्यात लपून बसला होता, तेव्हा क्युईने लेखणी उचललीही नव्हती.

खडूस_श्रोता: वा, वकीलपत्र घेतलंत की! नरकात संगीतशाळा असती आणि तिथल्या एखाद्या हुशार पोराने बायबलमधल्या इजिप्तवरच्या अरिष्टांवर सिम्फनी लिहिली असती तर ती अशीच झाली असती, नरकवासी खूश झाले असते, असा त्या परीक्षणाचा सूर. समोरचा २३ वर्षांचा. त्यानंतर तीन वर्षं त्याच्या हातून फारसं काही उतरलं नाही. दुसरा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. दाल यांना अर्पण केलाय, क्युईला नव्हे.

सैल_तंबोरा: क्युई सोडायचा कोणाला? १८७४ला मुसोर्ग्स्कीचा ऑपेरा 'बोरिस गोदुनोव्ह' झोडपला, आणि मुसोर्ग्स्की तर त्याच्याच पंचकातला, म्हणजे पाच रशियन संगीतकारांच्या गटातला. त्याच मुसोर्ग्स्कीचा अर्धवट राहिलेला ऑपेरा 'सोरोचिन्त्सीची जत्रा' म्हातारपणी क्युईनेच पुरा केला. जळका माणूस हे करतो?

षड्ज_पंचम: खरा दोषी त्या सिम्फनीचा वाद्यवृंद-संचालक ग्लाझुनोव्ह. तालीम अपुरी, संचालन गचाळ. तो प्यायलेला होता, असं रख्मानिनोव्हच्या बायकोने नंतर सांगितलं. साथ बिघडली की कसं वाटतं ते मला विचारा. माझ्या पहिल्या बैठकीत तबलजींनी विलंबित एकताल असा ओढला की माझी सम कुठे, त्यांची कुठे. बोलणी मात्र मी खाल्ली.

तीनताल_१६: आलं! गाणं पडलं की तबलजी, रंगलं की बुवा. २० वर्षं साथ करतोय. लय तुमचीच हलली असणार.

षड्ज_पंचम: तुम्ही होता का तिथे?

तीनताल_१६: त्या बैठकीला नसेन, तसल्या शंभर बैठकांना होतो. तालीम नाही, बंदिश ऐनवेळी बदलणार, वर 'ठेका सरळ ठेवा'. पाकीट हातात पडतं ते मंडप उतरल्यावर.

षड्ज_पंचम: पाकिटाचं मला काय सांगता? मलाच नारळ मिळाला होता.

खडूस_श्रोता: धागा पीटर्सबर्गच्या नेवा नदीवरून निघाला आणि डग्ग्यात अडकला. असो. तंबोरेवाले, एक सांगा. १८६९ला क्युईचा स्वतःचा ऑपेरा 'विल्यम रॅटक्लिफ' रंगभूमीवर आला. प्रयोग वाईट होतात म्हणून याने वर्तमानपत्रात पत्र धाडलं, लोकांनो, येऊ नका! म्हणजे रचना वेगळी, सादरीकरण वेगळं, हे साहेबांना चांगलं कळत होतं. २८ वर्षांनी पोराची पाळी आली तेव्हा कुठे गेली ही अक्कल?

सुट्टे_सूर: अवांतर: लेक व्हायोलिनवर क्युईचं 'ओरिएन्ताल' वाजवते. चिमुकलं, गोड. हा माणूस लष्करात जनरल होता, तटबंदी शिकवायचा, हे तिला पटतच नाही.

सैल_तंबोरा: @खडूस, बरं बाबा, हे पत्राचं प्रकरण मला अडचणीचं आहे. तेवढं मान्य. 'अपयशी, जळका' मात्र मागे घ्या.

खडूस_श्रोता: 'अपयशी' मागे. 'जळका' राहू दे.

तीनताल_१६: आणि ग्लाझुनोव्हचं काय? त्याची बाजू कोणी मांडणार, की तो साथीदार म्हणून असाच?