मदत हवी आहे: पायथन स्क्रिप्टमधून फाइल अपलोड करायचीये, ४०३ (परवानगी नाकारल्याची एरर) काही जात नाही

राम राम मंडळी, रावेरहून लिहितोय. केळीच्या गाड्या भरल्या की वजनकाट्याच्या पावत्या स्कॅन करून आमच्याच जँगोवर (पायथनचं वेब फ्रेमवर्क) बनवलेल्या वेब ॲपवर चढवायच्या असतात, रोज ब्राउझर उघडून एकेक फाइल निवडायची म्हणजे डोक्याला ताप, म्हणून म्हटलं पायथनमध्ये रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरून छोटी स्क्रिप्ट लिहू, फोल्डर बघेल आणि आपोआप पाठवेल.

आधी फाइल सर्व्हरला पोचायचीच नाही. चूक माझीच, कंटेंट-टाइप हेडर हाताने लिहिला होता त्यामुळे बाउंड्रीच (पाठवलेल्या डेटाचे भाग वेगळे करणारी खूण) जात नव्हती, तो काढून नुसतं फाइल्सचं पॅरामीटर दिलं तर ते सुटलं. (यात अख्खा रविवार गेला भो.)

आता अडलंय ते सीएसआरएफवर (दुसऱ्या साइटने आपल्या नावाने खोटी रिक्वेस्ट पाठवू नये म्हणून जँगो टोकन तपासतो ते). सेशन बनवतो, लॉगिनचं पान गेटने मागवतो, कुकीतलं टोकन घेऊन लॉगिन करतो, ते होतं, पण तेच टोकन लावून अपलोडची पोस्ट मारली की ४०३. लॉगिननंतर जँगो टोकन बदलतो असं वाचलं, म्हणजे कुकी परत वाचायची का? आणि साइट एचटीटीपीएसवर आहे तर रेफररपण (कुठल्या पानावरून आलो ते सांगणारा हेडर) द्यावा लागतो का?

एक मित्र म्हणतो सरळ सीएसआरएफ एक्झेम्प्ट टाक, म्हणजे ती तपासणीच बंद, मला ते पटत नाही. त्यापेक्षा स्क्रिप्टसाठी टोकनवाली वेगळी एपीआय बरी पडेल का? कोणी केलं असेल तर सांगा ना भाऊ.

अजून एक, मोठ्या स्कॅनला ४१३ (फाइल फार मोठी असल्याची एरर) येतंय, एनजिनएक्समध्ये (ॲपच्या पुढे बसवलेला वेब सर्व्हर) मर्यादा १ एमबीच आहे, ती वाढवली की झालं ना?