शब्दचर्चा: बेसबॉलमधल्या पिचरचा ‘विजय’

तिरपागडा:
भाच्याच्या शाळेच्या अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहितोय. एका पिचरबद्दलच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूबद्दलच्या, वाक्यापाशी अडलोय: ‘डेनी मॅक्लेनने 1968 मध्ये 31 विजय मिळवले.’ सामना संघ जिंकतो, मग विजय एकट्याचा कसा? ‘31 सामने जिंकून दिले’ असं लिहिलं तर चालेल का?

चहाबाज:
चालेल की. कुंबळेने सामना जिंकून दिला असं आपण म्हणतोच.

परदेशी पाहुणा:
थांबा, चहाबाज. कुंबळेबद्दल आपण म्हणतो ते कौतुक. बेसबॉलमध्ये ‘विन’ ही चक्क नोंद आहे. संघाने शेवटपर्यंत टिकलेली आघाडी घेतली त्या वेळी संघासाठी जो पिचर टाकत असेल, त्याला ती मिळते. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने मात्र 9 पैकी किमान 5 डाव टाकलेले हवेत. मग त्याने 6 धावा दिल्या असोत, संघाने 9 काढल्या की विजय त्याचाच. उलटही होतं. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमची सरासरी होती 1.70, म्हणजे 9 डावांमागे दोनसुद्धा धावा नाहीत. तरी विजय 10 आणि पराभव 9! फलंदाजांनी साथच दिली नाही. त्या वर्षीचं साय यंग पारितोषिक, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, मात्र त्यालाच मिळालं.

म्हणून माझं मत: ‘मिळवले’ नको, ‘जिंकून दिले’ तर नकोच. ‘नावावर 31 विजय’ लिहा. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कसणारा दुसरा, असं इथे सर्रास चालतं.

तिरपागडा:
पण मग 31ला इतकं महत्त्व का? 1968 नंतर कुणालाच 30 गाठता आले नाहीत, असं वाचलं.

जुना बाड:
खरं आहे. मॅक्लेनच्या आधीचे 30 म्हणजे 1934 चा डिझी डीन. मॅक्लेननंतर 1990 मध्ये बॉब वेल्च 27 पर्यंत पोचला.

पण पाहुण्यांचा नियम जुन्या काळाला लावू नका. 1904 मध्ये न्यूयॉर्क हायलँडर्सच्या जॅक चेस्ब्रोच्या नावावर 41 विजय लागले. विसाव्या शतकापासूनचा तो उच्चांक आजही कायम आहे. त्याने 51 सामन्यांची सुरुवात केली आणि त्यातले 48 शेवटपर्यंत एकट्याने टाकले. इथे ‘जिंकून दिले’ म्हणण्यात अतिशयोक्ती कुठे आहे? आणि त्याच चेस्ब्रोने हंगामाच्या शेवटच्या दिवशी, 10 ऑक्टोबरला, बोस्टनविरुद्ध नवव्या डावात 2-2 अशी बरोबरी असताना चेंडू कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून फेकला. तिसऱ्या बेसवर थांबलेल्या बोस्टनच्या लू क्रायगरने विजयी धाव काढली, सामना गेला आणि अजिंक्यपदही गेलं. 41 विजय बिचाऱ्याचे, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक चेंडू.

मॅक्लेन डीग्रॉम आणि चेस्ब्रो या दोघांच्या मधला: 41 सुरुवाती, 28 पूर्ण सामने. 1972 च्या स्टीव्ह कार्लटनचं बघा. फिलाडेल्फियाने वर्षभरात 59 सामने जिंकले, त्यातले 27 त्याच्या नावावर. त्याला बेलाशक ‘जिंकून दिले’ म्हणा.

चहाबाज:
म्हणजे शब्द साल बघून वापरायचा? भलताच ताप!

परदेशी पाहुणा:
जुन्या काळाचं मान्य. पण 1884 चा रॅडबर्न घ्या. प्रॉव्हिडन्स ग्रेज या त्याच्या संघाचा दुसरा मुख्य पिचर चार्ली स्वीनी जुलैमध्ये संघाबाहेर गेला आणि रॅडबर्नने बहुतेक सगळा भार एकट्याच्या खांद्यावर घेतला. सकाळी केस विंचरायला हात वर होत नसे, असं सांगतात. त्याचे विजय काही पुस्तकांत 60, काहींत 59. फिलाडेल्फियातल्या एका सामन्यात पहिले पाच डाव त्याच्याच संघाच्या मिलरने टाकले आणि उरलेले चार रॅडबर्नने, तेही एकही धाव न देता. तेव्हाच्या नोंदकाने विजय रॅडबर्नला दिला. आजच्या नियमाने तो मिलरचा. सामना एकच, निकाल तोच, पण विजय कुणाचा हे कागदावर ठरतं. म्हणून म्हणतो, ‘नावावर’ लिहिलं की कुठल्याही काळात खोटं पडत नाही.

जुना बाड:
हे पटलं. मात्र ‘नावावर जमा झाले’ नको, बँकेचं पासबुक वाटतं. ‘नावावर लागले’ छान.

तिरपागडा:
लिहिलं: ‘1968 मध्ये डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनच्या नावावर 31 विजय लागले, पराभव फक्त 6.’ पिचरला गोलंदाज म्हणू का?

परदेशी पाहुणा:
नको. टप्पा पडत नाही, धावत येणं नाही. वाचणारा उगाच स्टम्प शोधत बसेल. पिचरच ठेवा.

चहाबाज:
आणि शेवटी येऊन आघाडी टिकवणाऱ्याला ‘सेव्ह’ मिळतो, त्याचं काय? ‘राखण’?

जुना बाड:
‘राखण’ म्हटलं की मला शेतातला माळा दिसतो. ‘सेव्ह’ 1969 पासूनच अधिकृत नोंदीत आहे आणि तुमचा लेख 1968 चा. सुटलात.