पांढरीवरच्या गारगोटीच्या कपच्या: माणसाने काढलेल्या की नांगराने फुटलेल्या?

गोदाकाठ:
पैठण तालुक्यातील आमच्या शेताला लागून पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचे, टेकाड आहे. यंदा नांगरटीनंतर तेथे दुधी व तांबूस गारगोटीच्या चाळीसेक धारदार कपच्या मिळाल्या. त्या प्राचीन हत्यारांच्या असतील का, आणि त्यांचे वर्णन कसे लिहावे?

पुराश्म:
नुसती धार हा पुरावा नव्हे, कारण आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडनी आणि अकीक हे गारगोटीचे प्रकार काचेसारखे फुटतात व कसेही फुटले तरी त्यांना धार येतेच. कपची मूळ गाभ्यापासून (ज्या दगडातून कपच्या काढतात त्यापासून) ज्या बाजूने सुटली, ती बाजू तिरप्या उन्हात धरा. घाव बसला तो लहानसा भाग म्हणजे आघातस्थान. त्याला लागूनच बोटाला जाणवणारा फुगवटा आणि तेथून पाण्यावरच्या तरंगांसारख्या पसरलेल्या रेषा दिसतील. मग पाठ, म्हणजे उलटी बाजू, पाहा. आधी निघालेल्या कपच्यांचे व्रण तेथे एकाच दिशेने आलेले असतील, तर कोणी तरी क्रमाने कपच्या काढत होते, असे मानण्यास जागा आहे.

काळीपांढरी:
फुगवट्यावरून घाव बसला एवढेच कळते, घालणारा कोण ते नाही. चिलमीसाठी चकमक झाडतानाही (आमच्या पणजोबांची होती) बारीक कपच्या उडत. फाळाने पडलेला व्रण जुन्या पृष्ठभागाहून वेगळा, ताजा दिसतो. म्हणून एकेका कपचीवर निकाल न देता गाभे, समांतर कडांची लांबट पाती आणि टाकाऊ तुकडे एकत्र मिळतात का, हे पाहावे. तुमच्याच तालुक्यात आपेगावला ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील) वस्ती उत्खननात मिळाली आहे, त्यामुळे त्या काळच्या भांड्यांसारखी तांबड्या खापरांवर काळी नक्षी दिसते का, तेही शोधा.

गोदाकाठ:
काळ्या रेघांची दोन खापरे खरोखरच मिळाली. एका कपचीची नोंद अशी केली: ‘दुधी कॅल्सेडनी, लांबी ४१, रुंदी १७, जाडी ५ मिलिमीटर, आघातस्थान सपाट, पाठीवर दोन समांतर व्रण, डाव्या कडेला मूळ दगडाची खरबरीत साल शिल्लक.’

पुराश्म:
नोंद चांगली आहे. लांबी मात्र आघातस्थानापासून घावाच्या दिशेनेच मोजलेली असावी. सर्वांत लांब कर्ण मोजण्याची चूक सर्रास होते. ‘डावी कड’ म्हणताना आघातस्थान खाली व पाठ आपल्याकडे धरली होती, हेही लिहा. कपच्या तारेच्या ब्रशने घासू नका, कडेवरच्या वापराच्या खुणा जातील. आता नवीन काही न उचलता, उचललेल्या कुठे मिळाल्या त्याचा आराखडा आठवणीत आहे तोवर काढून ठेवा.