जुनी एमएम ५४० : मागच्या शाफ्टचा नुसता क्रॉस बदलायचा की अख्खा शाफ्ट?

काजूबाग_वैभववाडी
नमस्कार मंडळी, वडिलांच्या वेळची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल, इंजिन अजून ठणठणीत, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. त्रास खालून आहे. क्लच सोडला की खालून खट्ट असा आवाज यायचा आणि ४५-५० च्या पुढं गेलं की सीटखाली थरथर. मागच्या महिन्यात एका गॅरेजमधे मागच्या प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडं जोर नेणारी फिरती नळी) दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) बदलले, तर खट्ट बराच कमी झाला पण थरथर उलट वाढली, आता ४० लाच गिअरचा दांडा हातात नाचतो. गॅरेजवाला म्हणतो शाफ्टच बदला. करूळ घाटानं कोल्हापूरला जाणं-येणं असतं, बागेत फोर व्हील लागतंच, त्यामुळं गाडी उभी ठेवून चालत नाही आणि विकायची तर अजिबात नाही. खरंच अख्खा शाफ्ट घ्यावा लागेल का?

जुनीजीप_भोर
दादा थांबा, शाफ्ट लगेच घेऊ नका. आधी सपाट मोकळ्या रस्त्यावर गाडी ५० ला न्या, क्लच दाबा आणि गाडी तशीच वाहू द्या. इंजिनचा आवाज उतरला तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच यातून सुटलं, दोष शाफ्टपासून चाकांपर्यंत कुठंतरी आहे.

मग गाडी सपाटीला, चारही चाकांना दगड लावा आणि न्यूट्रल करून खाली जा. दगड विसरू नका, जुन्या जीपांना हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) मागं असतो, म्हणजे तो मागचा शाफ्टच धरून ठेवतो, शाफ्ट सोडला की ना हँडब्रेक धरतो ना गिअर, गाडी सरळ अंगावर येते. तुमच्या गाडीला कुठं आहे ते वाकून बघा.

खाली गेलात की शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या कपाशी हललं तर क्रॉस, स्लिप जॉइंटच्या (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा) दात्यांत हललं तर दाते गेलेत, आणि मागच्या डिफरन्शियलचा फ्लँजच (शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतो ती चकती) वरखाली हलत असेल, सीलमधून ऑइल येत असेल, तर पिनियनचं (त्या फ्लँजमागचा आतला छोटा गिअर) बेअरिंग बघावं लागेल.

पण क्रॉस बदलल्यावर थरथर वाढली म्हणताय त्यावरून मला तरी वेगळंच वाटतंय. स्लिप जॉइंट ओढून वेगळा केला असणार आणि परत बसवताना खुणा जुळवल्या नसणार. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जरा पळतो आणि दोनदा मागं राहतो, दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते भरून काढतो, पण ते कधी, तर दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) कान एका रेषेत असतील तेव्हाच. शाफ्ट पुसून घ्या, स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर बाणाची खूण असते, ती समोरासमोर आहे का बघा. माझ्या गाडीला दात्यांचा असाच फरक झाला होता, चार महिने मी टायर बदलत बसलो होतो.

उद्यमनगर_टर्नर
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. मी कोल्हापुरात लेथवर हेच काम करतो म्हणून थोडं जोडतो. दाते झिजले असतील तर ग्रीस भरून काही होत नाही, आठवडाभर गप बसतं आणि परत सुरू. वेल्डिंग भरून दाते पाडून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, स्लिप योक आणि दात्याचा तुकडा जोडीनंच नवा घालायचा, एक नवा एक जुना चालत नाही. नळी चांगली असेल तर तीच ठेवून नवा तुकडा वेल्ड करता येतो, पण नंतर लेथवर डायल लावून वाकडेपणा बघायचा आणि मशीनवर बॅलन्सिंग करूनच घ्यायचं. नळीवर वेल्ड केलेले पत्र्याचे छोटे तुकडे असतात ते बॅलन्सचं वजन आहे, घासताना कुणी काढलेत का बघा. दगड लागून नळीला पोचा असेल तर ठोकून सरळ करू नका, नळीच बदला.

आणि नवा क्रॉस हातानं हलका फिरला पाहिजे की ओ. घट्ट वाटला तर कप बसवताना आतल्या बेअरिंगची एखादी सुई आडवी पडली असेल, मग तो क्रॉस महिन्यात जातो. ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारा. यू बोल्ट जुनेच परत लावलेत का तेही बघा, आटे गेलेले असले तर नवीन टाका.

काजूबाग_वैभववाडी
दोघांचे मनापासून आभार. आज बघितलं. चिखल खरवडून रॉकेलनं पुसलं तर बाण दिसला, आणि तो समोरच्या बाणापासून तीन दाते लांब! फ्लँजवर छिन्नीनं खूण केली, शाफ्ट उतरवून बाण जुळवले आणि परत बसवला. तळेऱ्यापर्यंत जाऊन आलो, ४० ची थरथर गेली, ५५ ला अगदी थोडी राहिलीय. पण स्लिप जॉइंट हातानं वरखाली हलतो, दात्यांच्या कडा बोटाला धारदार लागतात, म्हणजे तेही गेलंच आहे ना? शाफ्ट एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरला पाठवला तर तोवर बागेत पुढच्या चाकांवर गाडी चालेल का?

जुनीजीप_भोर
हो, दाते गेले. शाफ्ट पाठवा, पाठवताना दोन्ही तुकडे बाण जुळवून तारेनं बांधून द्या. ट्रान्सफर केसचा फ्लँज जागेवर राहतो त्यामुळं ऑइल गळणार नाही, फोर व्हील टाकलं की पुढची चाकं ओढतात. बागेत सपाटीला हळू चालवा, भरलेली ट्रॉली लावू नका, घाटात तर नेऊच नका, आणि उभी केली की दरवेळी चाकांना दगड.